छोट्या डिझेल पिकअपची उतारवयातली गोष्ट

मी एक जुनी, छोटी डिझेल पिकअप आहे. मित्रांनो, पुढे दोन माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा, एवढाच माझा पसारा. माझ्यासारख्या गाड्या आता कोणताच कारखाना बनवत नाही. मी खूप थकले आहे, त्यामुळे सांगताना मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मला शोरूममधून आणलं ते दादांनी. त्यांची लॉन्ड्री होती, पण घरोघरच्या कपड्यांची नाही, दवाखान्याच्या चादरींची. धुलाई खाली ओढ्याजवळच्या शेडमध्ये व्हायची आणि चादरी वाळायच्या वरच्या माळावर, कारण वारा तिथेच असायचा. ओल्या चादरींचे गठ्ठे हौद्यात रचले की माझे स्प्रिंगचे पाटे कण्हायचे. तो चढ पाहून मोठमोठ्या गाड्यांना घाम फुटायचा. मी मात्र पहिल्या गिअरमध्ये, काळा धूर सोडत, कुरकुर करत का होईना, वर पोचायचे. पुढे वाळलेल्या चादरी घेऊन दवाखान्याच्या मागच्या बोळात शिरायचं. तो बोळ इतका अरुंद की दोन्हीकडचे आरसे मिटवून घ्यावे लागत. दवाखान्याचा पहारेकरी मला पाहिलं की म्हणायचा, "आली आमची सडपातळ बाई!" मला फार बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

ओल्या चादरींचं पाणी माझ्या हौद्यातून खाली झिरपायचं. म्हणून दादा दरवर्षी पाठीवर झोपून, अंगाखाली पोतं घेऊन, माझ्या तळाला रंग द्यायचे. मग एका हिवाळ्यात दादा गेले. लॉन्ड्रीचा कारभार त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, हाती घेतला. दादांची धाकटी बहीण माझ्यावर गाडी शिकली. तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिचे केस पिकले तरी नाव काही मोठं झालं नाही. दोघींनी कामाला कधी ढील दिली नाही. पण तळाचा रंग मात्र राहून गेला. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या खाली डोकावायला त्यांना उसंतच नव्हती.

एके सकाळी माझा डिझेल पंप बसला. गॅरेजच्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "हा पंप आता मिळत नाही. अशीच दुसरी गाडी कुठे मिळाली, तर तिचा काढून बसवतो."

"मग नवीच गाडी बघू," वहिनी म्हणाल्या.

दोघी शोरूममध्ये जाऊन आल्या. संध्याकाळी माझ्या हौद्याच्या मागच्या फाळक्यावर बसून त्या मिस्त्रींना तिथली हकिगत सांगत होत्या. विकणाऱ्या मुलाने त्यांना एक चकचकीत, घरासारखी मोठी गाडी दाखवली होती.

"म्हणाला, पाच माणसं ऐसपैस बसतात," वहिनी सांगत होत्या. "मी म्हटलं, बाबा रे, आमच्या चादरींना बसायला जागा दाखव."

"आणि छोटी डिझेल?" मिस्त्रींनी विचारलं.

"ती बंद झाली म्हणे. लोक मागत नाहीत. धाकटी त्याला म्हणाली, आम्ही दोघी मग काय मागतोय?"

तिघेही हसले. दवाखान्याच्या चादरी तोवर भाड्याच्या हातगाड्यांवरून जात होत्या. चढावर माणसांची दमछाक व्हायची आणि चादरी पोचायला उशीर व्हायचा. पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देऊ, असं दवाखान्याने स्पष्ट बजावलं होतं.

मिस्त्रींनीच पत्ता काढला. गावाबाहेर रोपवाटिका असलेल्या एका काकांकडे अगदी माझ्यासारखी गाडी होती. काकांचे गुडघे धरल्यामुळे ते ती चालवत नव्हते, पण दर आठवड्याला सुरू करून ठेवायचे. तिला मागायला बरेच जण येऊन गेले होते. काकांचा सगळ्यांना एकच प्रश्न असायचा: "चालवणार की मोडणार?"

तिथे काय घडलं ते मला परत आल्यावर कळलं, कारण दोघी माझ्याशेजारी उभ्या राहूनच भांडल्या.

"मी म्हटलं होतं ना, चालवणार, लेकीसारखी सांभाळणार," वहिनी म्हणाल्या. "मग तुला मध्ये तोंड उघडायची काय गरज होती?"

"वहिनी, मला नाही जमलं. ते गाडीवरची ताडपत्री अशी हळूच उचलत होते, जसं झोपलेल्या मुलाचं पांघरूण. मी सांगून टाकलं, काका, आम्हाला फक्त पंप हवाय."

"आणि त्यांनी ताडपत्री परत घातली! आता धुवत बस स्वतःच्याच घरच्या चादरी."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले, काठी टेकत. "जिच्यासाठी माझी मोडायची, ती मला पाहू दे," म्हणाले. ते माझ्याभोवती सावकाश फिरले. कष्टाने वाकून त्यांनी काठीने माझ्या तळाला टोचलं. काठी सरळ आत गेली. गंजाचा भुगा खाली सांडला.

"पोरी, हिची चेसिस गेलीय," ते धाकटीला म्हणाले. "पंप बसवशील, पण ही किती दिवस उभी राहील? दोन्ही गाड्या हातच्या जातील."

धाकटीने मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "सांगणार होतो," ते पुटपुटले. "पण तुमचा जीव अडकलाय हिच्यात."

"माझी न्या," काका म्हणाले. "मोडायला नाही, चालवायला. आणि हिचं जे धड आहे ते काढून ठेवा. पुढे माझ्या गाडीला काही लागलं तर बाजारात मिळायचं नाही."

धाकटी माझ्या सीटवर येऊन बसली आणि स्टेअरिंगला घट्ट धरून रडली. "दादाची गाडी आहे ही. हिचे तुकडे करू?"

वहिनी खिडकीशी आल्या. माझ्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, खाली चादरींचा ढीग पडलाय. तिकडे दवाखान्यात माणसं उघड्या गादीवर झोपलीत. तुझे दादा असते तर त्यांनी आधी काय केलं असतं?"

मित्रांनो, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, बाई, उतर आता. तूही दमलीस, मीही दमले. तो चढ आता दुसरीला चढू दे.

आता मी वरच्या माळावर, वाळवणाच्या कडेला, विटांवर उभी आहे. काकांची गाडी रोज माझ्यासमोरून गठ्ठे घेऊन वर येते. धाकटी तिच्या तळाला रंग द्यायला चुकत नाही. माझे पाटे, क्लच, एक दिवा केव्हाच तिच्या अंगाला लागले.

परवा एक बर्फवाली बाई आली होती. तिची गाडीही आमच्याच जातीची होती, गिअरबॉक्स मोडून तिच्या दारात उभी होती. बाईने सगळीकडे शोधलं होतं. धाकटी जरा घुटमळली, कारण ठेवणीतला गिअरबॉक्स माझ्या अंगातला तो एकच. मग तिनेच पान्हा आणला. बाई गिअरबॉक्स पोत्यात गुंडाळून घेऊन गेली. जाताना तिने माझ्या बोनेटवर हात ठेवला. बर्फात राबलेला, गारठलेला हात होता तो. उन्हात तापलेल्या माझ्या पत्र्याला बरा वाटला.

मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल तर कधीतरी वाकून तिच्या खालीही बघा. वरून पुसलेली गाडी सगळ्यांनाच दिसते. आणि ती थांबलीच, तर तिला उघड्यावर कुजू देऊ नका. कुठेतरी कुणीतरी बाई तिला शोधत फिरत असेल.