चूक कोणाची

सकाळपासून जावईबापूंनी ताईला एकतीस वेळा मारलं होतं, आणि अजून जेवणाची सुट्टीही झाली नव्हती.

जावईबापू म्हणजे गेममधला शेवटचा राक्षस. दोन मजले उंच, अंगभर लोखंड, हातात घण. गेमवाले अशाला बॉस म्हणतात. पण या कचेरीत बॉस मंडळींचा आधीच सुकाळ होता, म्हणून घोटाळा नको म्हणत ताईनेच हे नाव पाडलं होतं. कितीही पुढेपुढे करा, जावई रुसायचे ते रुसणारच.

ताई टेस्टर. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका पकडणारी. "तुला खेळायचा पगार देतात?" असं नणंद दर भेटीला विचारायची. आणून बसवा तिला इथे एक दिवस! बावीस दिवस ताई याच राक्षसापुढे मरत होती. उजवा अंगठा सुजून टम्म झाला होता. घरी कणीक मळतानाही तो आपोआप बटण दाबल्यासारखा हलायचा.

कचेरीचा नियम असा, की टेस्टरने स्वतःच्या हाताने शेवटचा राक्षस मारल्याशिवाय गेम बाहेर जात नाही. मारला की फॉर्म भरायचा. त्यातला शेवटचा प्रश्न, "हरलात तेव्हा चूक कोणाची?" उत्तर ठरलेलं, "माझी." म्हणजे राक्षस सच्चा, खेळणारा कच्चा. सगळे डोळे मिटून तेच लिहायचे.

फॉर्म आज चारपर्यंत हवा होता. तो गेला तर सहा वर्षं कंत्राटावर लटकलेली ताई कायम होणार, नाही गेला तर घरी.

मास्तर मागे येऊन उभा राहिला. राक्षस त्यानेच बनवलेला. उठसूट शिकवतो म्हणून मास्तर.

"ताई, हात चालत नसतील तर सांगा. नव्या पोरांचे चालतात."

"तुमच्या जिभेइतके कुणाचेच चालत नाहीत, मास्तर."

शेजारचा चष्मेवाला फिसकन हसला. ताई हसली नाही. शब्द वर्मी बसला होता. गेला आठवडाभर तिलाही तेच वाटत होतं, की हात गेले आपले. आणि हात गेलेल्या टेस्टरला कोण विचारतो?

बत्तिसावी लढाई. ती खेळवायची त्या योद्ध्याकडे औषधाची बाटली असते, तीन घोट पुरतील एवढी. घोट घेतला की जखमा भरतात. पण बाटली तोंडाला लावायचा अवकाश, जावईबापू घण घेऊन अंगावर! दर वेळी, अगदी तेव्हाच. तिन्ही घोट संपले होते. घाईत ताईने सवयीने पुन्हा तेच बटण दाबलं. बाटली रिकामी, योद्धा जागचा हललाही नाही.

जावईबापू मात्र धावून आले. खल्लास.

ताई पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चष्मेवाल्या, मी प्यालेच नाही. मग याला कळलं कसं?"

"योगायोग असेल."

तिने पुन्हा लढाई लावली. मुद्दाम तिन्ही घोट संपवले आणि रिकामं बटण दाबलं. आले धावून. पुन्हा दाबलं. पुन्हा आले.

"मेल्या, हा योद्ध्याकडे बघतच नाही. माझ्या अंगठ्याकडे बघतो!"

मग तिने त्याला नाचवला. रिकामं बटण दाबायचं, तो झेपावला की बाजूला सरायचं आणि पाठीत घालायची. नऊ मिनिटांत जावईबापू आडवे. कचेरीने टाळ्या पिटल्या. सर्वांत जोरात मास्तरने.

"बघा! भरा फॉर्म."

"हा बटण वाचतो, मास्तर."

मास्तरने आवाज खाली आणला. "वाचतो. नीट हुशार करायला वेळ कुठे होता? लोकांना वाटेल आपलाच हात कमी पडला."

"मलाही तेच वाटलं. बावीस दिवस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर टेस्ट कसली? ताई, तुमची कायम होण्याची ऑर्डर मालकांच्या टेबलावर आहे. एक शब्द लिहायचाय."

तिने 'माझ' एवढं लिहिलं. अंगठा ठणकला. खोडलं. लिहिलं, "मास्तरांची. राक्षस बटण वाचतो. हे बदलेपर्यंत माझी सही नाही."

"अहो, वेड लागलंय का—"

तिने पाठवून दिलं.

पाच मिनिटंही गेली नसतील, मालकांच्या केबिनचं दार उघडलं. "ताई, आत या."

ती उठली, लढाई नव्याने सुरू केली आणि बटणांचा कंट्रोलर मास्तरच्या हातात कोंबला.

"मी येईपर्यंत बसा इथे. जावयाला एकटं सोडू नये."

दार लोटताना तिला मागे घणाचा आवाज आला, आणि मास्तरची पहिली शिवी.