डाव्या हाताचं अक्षर

पाचवीच्या बाकांत आईबापांना बसवायची कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला स्वतःला एकदा तिथे बसवायला हवं. सुनीता तिसऱ्या बाकात पुरती अडकली होती. गुडघे वरच्या फळीला टेकलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आणि खिडकीबाहेर हायवेवरच्या कंटेनरांची घरघर. शेजारी तिची मुलगी वल्लरी मान खाली घालून उभी होती, समोर गणिताच्या प्रमिला मॅडम.

"वल्लरीच्या मम्मी, होमवर्क बघा हिचा. एकदम परफेक्ट!" मॅडम म्हणाल्या. "आणि वर्गात फळ्यापाशी बोलावलं की मख्ख. येतं तरी करत नाही, म्हणजे हा माजच ना? सोमवारपासून हिला शेवटच्या बाकावर बसवणार आहे. एकटीला."

तो सगळा होमवर्क सुनीताने स्वतः केला होता.

सुरुवात साधीच होती. बेलापूरच्या ऑफिसातून ती घरी पोचायची तेव्हा पोर वहीवरच पेंगत असायची. आजच्यापुरतं म्हणून सुनीताने पेन्सिल उचलली, आणि अक्षर लहान मुलाचं वाटावं म्हणून डाव्या हातात धरली. मग शाळेला मुलांचा कळवळा आला. परीक्षेचा ताण नको म्हणून टेस्ट बंद झाल्या आणि निम्मे मार्क होमवर्कला गेले. मुलांचा ताण गेला, तो सुनीताच्या मनगटात येऊन बसला.

एकदा वल्लरीने आपणहून एक गणित सोडवलं होतं. तीन छेद चार अधिक एक छेद दोन. वरचे वर मिळवले, खालचे खाली, आणि मोठ्या हौसेने दाखवायला आली. मार्क जातील म्हणून सुनीताने ते खोडरबरने पुसलं आणि वर डाव्या हाताने बरोबर उत्तर लिहिलं. वल्लरी बघत उभी होती. त्यानंतर तिने दाखवायला काही आणलं नाही.

आता खरं सांगावं, तर वर्षभराच्या मार्कांवर पाणी. गप्प बसावं, तर पोर माजोरी ठरते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! सुनीताला रडूच यायचं बाकी होतं.

"घरी कुणी करून देतं का हिला?" मॅडमनी सरळच विचारलं.

"नाही मॅडम," वल्लरी पटकन म्हणाली. "मीच करते."

"मग कर बघू इथे. मम्मीसमोर."

मॅडमनी कागदावर अपूर्णांकांची बेरीज लिहून दिली. वल्लरीने कागद आईच्या बाकावर ठेवला, उजव्या हातातली पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि जीभ दातांत धरून लिहू लागली. तिनाचा आकडा उलटा झाला. पेन्सिल घसरत होती, तरी ती सोडेना.

"अगं, तू डावखुरी कधीपासून झालीस?" मॅडम चकित झाल्या.

सुनीता उठायला गेली. गुडघा फळीवर आपटला आणि ती पुन्हा खाली बसली.

"वल्लू, उजव्या हाताने लिही गं," ती कशीबशी म्हणाली. "चुकलं तरी चालेल."

वल्लरीने मान वर केली नाही.

"त्या हाताचं तू खोडतेस ना, आई," ती म्हणाली आणि डाव्या हाताने लिहीत राहिली.