पिवळ्या वायरीवरचं हिरवं स्टिकर

इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या त्या जुन्या शाळेच्या कामावर मला सगळे पाठीमागे 'हेडमास्तर' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शाळेच्या आत भिंती घालून फ्लॅट काढायचे होते, आणि काम संपेपर्यंतची तात्पुरती वीज माझ्याकडे होती. कुठली वायर, कुठलं यंत्र, कुठला दिवा साइटवर चालेल ते मी ठरवायचो. दर तीन महिन्यांनी एकेक वस्तू मीटर लावून तपासायची आणि पास झाली की तिच्यावर सही-तारखेचं स्टिकर लावायचं. त्या हिवाळ्यात स्टिकर हिरवं होतं.

नवा माणूस आला की माझं भाषण ठरलेलं असे. "पिवळी वायर, पिवळा प्लग म्हणजे एकशे दहा व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरमधून येतात. चुकून हात लागलाच तर मला शिव्या घालशील, पण संध्याकाळी घरी जाऊन जेवशील. घरातला साधा प्लग म्हणजे दोनशे चाळीस. तो फक्त कॅन्टीनच्या किटलीला. कामावर दिसला तर तू गेटबाहेर. बाकी पिवळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेव."

फिन्टन मलव्हेनी आमचा प्लॅस्टरवाला. माणूस आयरिश, पन्नाशीला टेकलेला, बोलायला गरीब. त्याच्या भिंतीवरून हात फिरवत राहावंसं वाटे. ऑक्टोबरमध्ये त्याचं साइटचं ड्रिल बिघडलं, म्हणून त्यानं घरचं आणून कॅन्टीनच्या सॉकेटला लावलं. दोन भोकं पाडायची होती. मी सगळ्यांसमोर ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्टोअरच्या भिंतीवर टांगलं. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'फिन्टनचं ड्रिल. याला वर जायची घाई आहे.' लोक पोट धरून हसले. फिन्टनही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन.

"संध्याकाळी देशील ना रे, क्लिफ? सासऱ्याचं आहे ते."

"काम संपल्यावर बघू," मी म्हणालो.

जानेवारीत थंडीनं कहर केला. माझं स्टोअर कॅन्टीनच्या पलीकडे, मध्ये एक बोळ. त्या खोलीत बसून बोटं वाकेनात. मी घरचा हीटर आणला, दोनशे चाळीसचा. सॉकेट मात्र कॅन्टीनमध्ये. मग मी टाकून द्यायला काढलेली एक पिवळी वायर घेतली. तिला एका जागी चीर होती, तिच्यावर काळी टेप गुंडाळली. एका टोकाला घरचा साधा प्लग बसवला, दुसऱ्या टोकाचं पिवळं सॉकेट तसंच ठेवलं आणि हीटरलाही पिवळा प्लग लावून टाकला. म्हणजे जाता-येता कुणी पाहिलं तरी वाटावं की हेडमास्तरांचं सगळं पिवळं आहे. वायर बोळातून दाराखालून आत घेतली. आणि कुणी काही विचारू नये म्हणून पिवळ्या सॉकेटवर माझ्या सहीचं हिरवं स्टिकर चिकटवलं. मीटर लावलाच नाही. लावून काय दिसणार ते मला माहीत होतं.

सोमवारी नीट करू म्हटलं. असे तीन सोमवार गेले.

त्या मंगळवारी गेटवर लॉरी आली म्हणून मी उठलो. हीटरचा प्लग काढला, वायर कॅन्टीनच्या सॉकेटला तशीच लावलेली राहिली, तिचं पिवळं टोक दारात पडलेलं. फिन्टन बोळात प्लॅस्टर करत होता. प्लॅस्टर कालवायच्या त्याच्या मिक्सरला लांबून वीज यायची. त्याला हे टोक दोन हातांवर दिसलं आणि त्यानं मिक्सर त्याला लावला.

गेटवर मला मिक्सरची किंकाळी ऐकू आली. एकशे दहाच्या मोटारीला दोनशे चाळीस मिळाले की ती अशीच ओरडते. मी धावलो. तोवर धूर झाला होता, फिन्टननं ओल्या हातानं वायर ओढली होती, आणि नेमकी माझ्या टेपवर. झटका बसून तो बादलीवर पडला. कॅन्टीनचा ट्रिप स्विच पडून वीज गेली म्हणून वाचला. उजवं मनगट मात्र नको तिथून वाकलं होतं.

मी त्याच्याजवळ खाली वाकलो. मागून येणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा त्याची नाडी बघतोय. मी अंगठ्याच्या नखानं सॉकेटवरचं स्टिकर सोलून काढत होतो. निघालं तेव्हा वर पाहिलं. फिन्टनचे डोळे उघडे होते.

हीटर मी त्याच दुपारी गाडीच्या डिकीत टाकला.

साइटची साहेब लॉर्ना. तिनं वायरीची दोन्ही टोकं टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हा उद्योग कुणाचा?" एक जण म्हणाला, "प्लॅस्टरवाल्यांची रोजचीच रड आहे, मिक्सर हळू चालतो म्हणून." दुसऱ्यानं भिंतीवरच्या ड्रिलकडे बोट दाखवलं. पुढे कुणाला काही बोलावंच लागलं नाही, वायर फिन्टननंच जोडली असं ठरलं. लॉर्ना माझ्याकडे वळली. "क्लिफ, तुझं काय म्हणणं?"

"त्याला एकदा ताकीद दिली होती," मी म्हणालो. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या वाक्याची आजही मला किळस येते.

गुरुवारी फिन्टन प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून आपलं सामान न्यायला आला. त्याला साइटवरून काढलं होतं, आणि अशा कारणानं काढलेल्या माणसाला त्या कंपनीच्या दुसऱ्या कामावरही कुणी घेत नाही. स्टोअरमध्ये आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या थाप्या, पट्ट्या, बादल्या मोजून पुढे ठेवल्या. भिंतीवरचं ड्रिल काढायला गेलो.

"राहू दे," तो म्हणाला. "काम संपल्यावर म्हणाला होतास."

"फिन्टन, तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की हिरवं स्टिकर होतं, क्लिफची सही होती, आणि ते क्लिफनंच काढलं? त्या पुठ्ठ्याखाली उभा राहून सांगू? कोण ऐकणार होतं, राव." त्यानं डाव्या हातानं एक बादली उचलली. "आणि वाटलं, दोन दिवसांत तूच सांगशील. तेवढा सरळ आहेस तू, असं बायकोलाही सांगितलं मी."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी कटर मागायला आलं आणि मी कटर शोधायला वळलो. फिन्टन गेला.

शुक्रवारी सकाळी कॅन्टीनमध्ये सुरक्षेची बैठक होती. त्या अपघातावर बोलायचं काम लॉर्नानं कुणाला द्यावं? मला. तीस माणसं चहाचे मग घेऊन उभी. मी ती वायर हातात धरली आणि सवयीनं सुरू केलं, "पिवळ्यावर डोळे मिटून..." फिन्टनचं 'बायकोलाही सांगितलं मी' हेच डोक्यात घुमत होतं. स्टिकर मंगळवारपासून पाकिटात होतं. का ठेवलं होतं, विचारू नका. ते काढून मी सॉकेटवर होतं त्याच जागी दाबून बसवलं. नीट चिकटेना. अंगठ्यानं धरून ठेवावं लागलं.

"ही माझी आहे," मी म्हणालो. "फिन्टननं फक्त माझी सही बघितली."

लॉर्नानं हात पुढे करून स्टिकरांचं बंडल मागून घेतलं. ड्रिल आणि पुठ्ठा मी त्याच दुपारी उतरवला, ड्रिल त्याच्या घरी पोचवलं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिनं ते घेतलं, "बरं" म्हणाली आणि दार लावलं.

फिन्टन एप्रिलमध्ये कामावर परत आला. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, भिंतीला जास्त वेळ लागायचा. तपासायला आता आठवड्यातून एकदा बाहेरचा माणूस येई. मी नुसत्या वायरी उचलायचो. पहिल्याच सकाळी मी त्याला एक पिवळी वायर नेऊन दिली. त्यानं स्टिकर वाचलं, सही वाचली. मग वायर मला परत धरायला दिली आणि तिच्या कडेकडेनं चालत निघाला, बोळातून, जिन्यावरून खाली, थेट पटांगणातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. दुसरं टोक कुठे लावलंय ते डोळ्यांनी बघायला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, क्लिफ," तो जाता जाता म्हणाला होता. "आधी नाही रे मी असं बघायचो."

तो परत येईपर्यंत मी सॉकेट हातात धरून तिथेच उभा राहिलो.