उकळत्या पाण्यातली कल्हई

सासूबाई दूध गॅसवर ठेवत आणि खुशाल विसरून जात. आणखी एक पातेलं करपून कोळसा झालं तेव्हा त्यांच्या मुलाने, म्हणजे जावयाच्या मेहुण्याने, फर्मान काढलं: शेगडी बंद, जेवणाचा डबा सुरू. सासूबाई त्या दिवशी जेवल्याच नाहीत. सासूबाईंची मुलगी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "मग रोज सकाळी तुम्हीच जाऊन उभे राहा दुधापाशी."

सकाळची झोप म्हणजे जावयाचा जीव की प्राण. तो घाईघाईने म्हणाला, "मी यंत्र करतो. उतू जायच्या आत घंटा वाजेल."

मेहुण्याने रविवारपर्यंत मुदत दिली. यंत्र चाललं तर शेगडी राहील, नाहीतर नाही.

सर्किटची पाटी जावयाने घरीच कोरली. तांबं हिरवं पडू नये म्हणून त्यावर कल्हई करावी लागते. शहाणी माणसं ती सोल्डरिंगच्या तापल्या सळईने रेघ-रेघ करतात. हा पडला आळशी. त्याने उकळत्या पाण्यातच वितळणारा मिश्रधातू आणला, पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकलं, पाटी बुडवली आणि वर धातूचे खडे सोडले. खडे आधी ढिम्म. मग एकेकाने अंग सोडलं आणि चकचकीत थेंब होऊन ते पाटीवर घरंगळले. लाकडी काडीला चिंधी बांधून त्याने ते चोळले, तशी लाल तांब्यावर चांदी पसरत गेली. तो इतका खूश झाला की त्याने बायकोला हाक मारली.

"पातेलं कुठलं घेतलंय?" तिने विचारलं.

उरलेल्या धातूने त्याने तारा जोडणारे सगळे डाखही दिले. अगदी यंत्राची डबी पातेल्याला बाहेरून लटकवायच्या आकड्याचासुद्धा.

रविवारी सगळे ओट्याभोवती जमले. दूध तापलं, साय फुगली. घंटा गप्प. मेहुणा गालातल्या गालात हसायला लागला. इतक्यात आकड्याचा डाख विरघळला आणि अख्खी डबी खालच्या ताटात खणकन आदळली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. जावयाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

सासूबाईंनी शांतपणे गॅस बंद केला.

"घंटा कुठे वाजली, भाऊजी?" मेहुणा म्हणाला.

"उतू गेलं का?" सासूबाईंनी विचारलं. "नाही ना? मग झालं तर. शेगडी इथंच राहणार." आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "उद्या परत चिकटवायला कधी येताय?"

तेव्हापासून तो रोज सकाळी डोळे चोळत येतो, आकडा चिकटवतो, डबी पडेपर्यंत ओट्यापाशी बसतो. सासूबाई कपात चहा ओततात आणि मुलाच्या चहाड्या सांगतात.

साध्या डाखाला याच्या जवळजवळ दुप्पट आच लागते. तो लावला असता तर आतल्या तारा सुटल्या नसत्या, डबी पडली नसती, घंटा वाजली असती आणि त्याला यावंही लागलं नसतं. हे त्याला त्याच रविवारी घरी जाताना कळलं होतं. अजून त्याने कुणाला सांगितलेलं नाही.