ओडेसाचे साहेब

सौदी अरेबियात, जुबैलच्या वसाहतीत बाळकृष्णपंतांशी वाद घालून जिंकलेला मनुष्य कोणाच्या पाहण्यात नव्हता. याला त्यांचे ज्ञान जितके कारण होते, तितकीच समोरच्याची थकण्याची मर्यादाही. पेट्रोकेमिकल कारखान्यात गंज रोखणे हे त्यांचे काम. आणि ओलावा हेच सर्व नाशाचे मूळ, हा त्यांचा सिद्धांत. म्हणूनच समोरच्या घरातील नबीलाने आपली ठेव त्यांच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांनी ती हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत ठेवून दिली.

ठेव म्हणजे तळहातात मावेल एवढे लंबगोल चित्र होते. पितळी चौकटीत, फुगीर काचेआड, जलरंगांत रंगवलेला एक रशियन गृहस्थ: उंच कॉलर, काळा कोट, विरळ होऊ लागलेले केस आणि कोणाची तरी पुष्कळ वाट पाहून अखेर ती सोडून दिल्यासारखे डोळे. मागच्या कागदावरील नाव पुसले गेले होते. नबीलाचे वडील मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात होते. तरुणपणी ओडेसाच्या जुन्या बाजारातून त्यांनी ते आणले आणि हर्णैच्या घरी कपाटात, कपड्यांखाली ठेवले. ईदला कपाट उघडले की मुले विचारीत, "अब्बा, हे कोण?" अब्बा म्हणत, "साहेब." त्यापलीकडे उत्तर नव्हते.

अब्बा गेल्यावर त्यांच्या वस्तूंतून नबीलाने एवढेच मागून घेतले. परंतु नमाजाच्या घरात तसबीर नको, हा तिच्या सासूबाईंचा, इस्मतआपांचा, दंडक. तेव्हा साहेबांची सोय समोरच्या हिंदू घरी झाली आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

एका शुक्रवारी दुपारी नबीला आली. तिचा नवरा उमैर याला दूर वाळवंटातल्या हाइलला नवी नोकरी मिळाली होती. आठवड्याने बिऱ्हाड हलायचे होते.

"काका, साहेबांना घेऊन जाईन म्हणते. अम्मींना अजून विचारलं नाही. पण मागे ठेवून जाववणार नाही मला."

बाळकृष्णपंतांनी डबा उघडला. चित्र धनुष्यासारखे वाकून काचेला टेकले होते, आणि कॉलरपासून कानापर्यंत केसाएवढी भेग गेली होती.

नबीलाने चौकट उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "हर्णैला बारा महिने समुद्राची ओल. तिथं काही झालं नाही ह्यांना."

"कागद आहे. कागद आक्रसतो."

"हस्तिदंत आहे, काका. अब्बा सांगायचे."

"तुझ्या अब्बांविषयी मला आदर आहे. परंतु मागे कागद उघड दिसत असता—"

"तो नुसता चिकटवलाय. कडेला बघा की!"

"अहो, बघा तरी," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मंजिरीताई म्हणाल्या. "कड पाहिल्यानं काही कोणी वाद हरत नाही."

ज्या भिंगाने ते नळांच्या भेगा तपासत, ते त्यांनी आणले. कागदाच्या वर एक पातळ, पिवळसर थर होता आणि त्यात हस्तिदंतात असतात तशा बारीक समांतर रेषा होत्या. पंतांनी भिंग खाली ठेवले. मंजिरीताई हात पुसत बाहेर आल्या.

कोरडेच बरे हे आपले मत सोडले नाही, तर ही मुलगी चित्र निर्धास्तपणे हाइलला नेईल आणि वाळवंटाच्या हवेत साहेबांचा चेहरा दुभंगेल. सोडले, तर तिला ते नेताच येणार नाही. दोन्हीकडून नुकसान तिचेच होते.

"नबीला, चुकलो मी," ते म्हणाले. "ह्याला ओल लागते, आणि मी ती शोषून घेतली. हाइलची हवा माझ्या डब्याहून निराळी नाही."

"म्हणजे नेऊ नको?"

"आधी बरा तर होऊ दे."

पुड्या गेल्या. डब्यात चित्रापासून दूर ओलसर स्पंजाचा तुकडा आला, आणि शेजारी आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ. सुई फार चढली तर बुरशी, फार उतरली तर भेग; ती मध्यावर राहायला हवी. हळूहळू वाक उतरला. भेग मिटली नाही, पण तिच्या कडा जवळ आल्या. मात्र ही देखभाल रोजची होती, आणि हाइलला नबीला दिवसभर शाळेत शिकवणार होती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी इस्मतआपा सांदणांचे ताट घेऊन निरोपाला आल्या. डबा टेबलावरच होता. नबीलाचा चेहरा उतरला.

"हे काय?"

पंतांनी सांगितले: हस्तिदंतापासून ओडेसापर्यंत आणि हर्णैपासून हाइलपर्यंत. इस्मतआपांनी ते शेवटपर्यंत ऐकले. असे आजवर कोणी केले नव्हते.

"म्हणजे ह्याला पाणी लागतं?"

"होय."

"आणि डबा बंदच असतो?"

"बंदच असावा लागतो."

"मग गो नबीला, चोरासारखी काय उभी राहिलीस? भिंतीला टांगू नको, एवढंच म्हटलेलं मी. तुझा बाप ठेवायचा तसा कपाटात ठेव."

"पण अम्मी, पाणी रोज—"

"मी घरातच असते. तहानलेल्याला पाणी पाजण्यात सवाब आहे, पुण्य आहे. तो कोण, कुठला, हे पाजणाऱ्यानं विचारायचं नसतं." त्या पंतांकडे वळल्या. "ही सुई कुठं असली म्हणजे बरं?"

"मध्यावर. तथापि या बाबतीत थोडा मतभेद संभवतो—"

"बाळकृष्णभाय, सांदणं निवतायत."

नबीलाने डबा उचलून छातीशी धरला आणि मग सर्वांसाठी बशा काढायला ती मंजिरीताईंच्या मागोमाग आत गेली.

काही दिवसांनी हाइलहून पंतांच्या फोनवर इस्मतआपांचा ध्वनिमुद्रित निरोप आला: "फजरच्या नमाजाला उठले, आधी हातपाय धुऊन वुजू केलं, मग साहेबाला पाणी दिलं. चेहरा चांगला आहे. तुमची सुई मात्र जरा खोटं बोलते."

पंत ताबडतोब उत्तर लिहायला बसले. ते बरेच लांबले.