पंचविसावा कागद

दिव्यानी मडावी बॉटनी घेऊन बीएस्सी झाली आणि गावातल्या झाडून सगळ्यांना तिच्यासाठी नोकऱ्या सुचू लागल्या. निकाल लागेपर्यंत बॉटनी म्हणजे काय हे एकानंही विचारलं नव्हतं. आता पानठेल्यावर बसलेला माणूसही तिला थांबवून सांगे, वनरक्षकाची भरती निघणार आहे, धावायला सुरुवात कर. आश्रमशाळेच्या गुरुजींनी बीएड सुचवलं, कारण त्यांनी स्वतः तेच केलं होतं आणि जगात त्यापलीकडे काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. तिच्या वर्गातली रंजीता कोरपन्याकडे एका बियाणे कंपनीच्या प्लॉटवर कपाशीची बोंडं मोजत होती. तिचा फोन आला, जागा आहे, ये, पण टोपी घेऊन ये. कोणी रोपवाटिका म्हणे, कोणी टिश्यू कल्चर म्हणे, आणि ते काय असतं विचारलं तर दुसरीकडे पाहू लागे. बाप दसरूनं नोकरी सुचवली नाही. त्याला एकच शंका होती: झाडं तर पोरीला आधीच ओळखू येत होती, मग अहेरीच्या कॉलेजनं तीन वर्षं शिकवलं काय?

दिव्यानीला एमएस्सी करायचं होतं. कशानं करायचं, हा प्रश्न होता. तेवढ्यात चंद्रपूरच्या एका संस्थेची जाहिरात तिच्या मोबाइलवर आली. जंगलातल्या वनस्पतींची नोंद करायला एक क्षेत्र सहायक पाहिजे; ज्याला घेतील त्याच्या एमएस्सीची सोय संस्था करणार. जागा एकच. येताना स्वतः गोळा केलेल्या पंचवीस वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून आणायच्या. त्यातली एक तरी गावच्या वैद्यानं दाखवलेली असावी, आणि तिचं नाव व उपयोग शेजारी लिहिलेला असावा.

चोवीस कागद तिनं पंधरा दिवसांत केले. रोज जुनी वर्तमानपत्रं बदलायची, वर पाटा ठेवायचा. घरात पाटा मोकळा मिळेना म्हणून आईची कटकट सुरू झाली. पंचविसाव्यासाठी मात्र पोचूमामाकडे जावं लागणार होतं.

पोचूमामा हाडाचा वैद्य. मोडलेलं हाड तो एका वेलाचा पाला वाटून, बांबूच्या कामट्या लावून बांधायचा. लोक लांबून यायचे. तो कोणाकडून काही घ्यायचा नाही आणि आलेल्या माणसाला परत पाठवायचा नाही. वेलाचं नाव त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. नाव बोललं की औषध मरतं, असं तिकडे मानतात.

तिनं मागितलं तर तो पटकन तयार झाला, आणि तिथंच तिला शंका यायला हवी होती. पहाटे तो तिला ओढ्यावर घेऊन गेला. हात धुवायला लावले. तिच्या तळहातावर पाच धानाचे दाणे ठेवले, पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, काहीतरी सांगितलं, आणि मग काठावरचा एक वेल दाखवला. दिव्यानीला हसू आलं होतं. तो वेल शाळेमागच्या खड्ड्यात भरपूर होता, बकऱ्या रोज खात होत्या. तिनं त्याचं शास्त्रीय नाव मनातल्या मनात म्हटलं, एक फांदी तोडली आणि पिशवीत घातली. म्हाताऱ्या माणसांची एकेक पद्धत असते, ऐकून घ्यावं, एवढंच तिला वाटलं.

त्या दाण्यांचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होता. हिला नव्हता. पाचवीपासून वसतिगृहात राहिलेली मुलगी, सुटीला येणार आणि झोपून जाणार. तिला कोण सांगणार? ज्यानं दाणे घेतले त्यानं वैद्याचं काम घेतलं. देणाऱ्याचा हात त्या दिवसापासून थांबतो. मामा त्या सकाळी घरी गेला आणि पाला वाटायचा दगड त्यानं धुऊन उभा करून ठेवला.

चंद्रपूरला मुलाखत घ्यायला तिघं होते. मधल्या नीलिमा मॅडम. त्यांनी चोवीस कागद भराभर उलटले. पंचविसाव्यावर त्यांचा हात थांबला. वेल सुंदर वाळला होता, पण नावाची ओळ कोरी होती. दिव्यानीनं आदल्या दिवशी तीन वेळा पेन उचललं होतं आणि ठेवलं होतं. मॅडमनी नाव विचारलं. एक जागा, बाहेर बाकावर अकरा जण बसलेले. तिनं नाव सांगितलं, लिहूनही दिलं. मॅडम म्हणाल्या, हो, हा उपयोग तीन-चार पुस्तकांत आलेला आहे, चांगलं ओळखलंस. एवढ्यावर झालं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. दिव्यानीला आनंद व्हायला हवा होता. तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी फोन आला की तिची निवड झाली आहे, दहा दिवसांनी रुजू व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तर अंगणात एक माणूस बसलेला. आलापल्लीकडचा सुकलू, मोटरसायकलवरून पडलेला. दवाखान्यात फोटो काढून प्लास्टर घातलं होतं, ते खाजतं म्हणून यानं आठव्या दिवशी विळ्यानं कापून काढलं होतं. आता सुजलेला हात मांडीवर घेऊन तो सकाळपासून तिची वाट पाहत होता. पोचूमामानं त्याला सांगितलं होतं, आता माझ्याकडे नाही, भाचीकडे जा.

दिव्यानी तशीच मामाकडे गेली. तिनं विनवलं, चिडून पाहिलं. मामानं तिला शांतपणे दाण्यांची गोष्ट सांगितली. माणसाचा हात सुजलेला, मामाचा हात थांबलेला, आणि तिच्या हाताला काही येत नव्हतं. मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं.

"नाव सांगतलं मी, मामा."

"कोणाले?"

"चंद्रपूरले. तीन जणांले. लिवूनही देल्लं."

मामानं अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर कण्या टाकल्या. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या तिघांतला कोणी हाड बांधते का?"

"नाई."

"मंग चाल," मामा उठत म्हणाला. "तो मानूस सकाळपासून बसून हाय."

मामानं सुकलूच्या हाताला बोटही लावलं नाही. तो शेजारी बसून नुसता बोलत राहिला: पाला इतका, पाणी नको, कामटी अशी, गाठ वर नको, बाजूला. दिव्यानीनं दोनदा बांधलं, दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा सुकलूनं डोळे मिटून घेतले आणि मग हळूच उघडले. दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायची, एकवीस दिवस. आठ दिवसांत तिनं तीन पट्ट्या केल्या. प्रत्येक वेळी मामा बसून बोलला. नवव्या दिवशी पहाटे मात्र ती चंद्रपूरच्या एसटीत बसली. पुढच्या पट्टीचं सुकलूला काय सांगायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून तिनं काही सांगितलंच नाही. आष्टीच्या पुलापर्यंत तिला स्वतःची लाज वाटत होती. पुढे झोप लागली.

संस्थेतलं काम तिला आवडलं. लांब टेबल, पंखा बंद ठेवलेला, कागद उडू नयेत म्हणून. पहिल्या दोन दिवसांत तिनं चाळीस नमुने चिकटवले. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई आला आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाला, बाहेर कोणीतरी आलंय, हाड बांधणारी बाई इथंच असते का म्हणून विचारतंय.

पायरीवर सुकलू बसला होता. पहाटे निघालेला, दोन गाड्या बदललेल्या, पट्टी सैल झालेली. दुसऱ्या हातात सागाच्या पानाची पुडी. त्यानं तक्रार केली नाही. मामानं पाला तोडून दिला होता आणि निरोप दिला होता: बाई जिथी असन, तिथी जाय.

दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं, नळावर हात धुतले, सुकलूला आत नेऊन खिडकीपाशी बसवलं. टेबलावरचे नमुने सरकवले आणि तिथंच पुडी उघडली. आवाज ऐकून नीलिमा मॅडम आपल्या खोलीतून बाहेर आल्या. इथं हे काय चाललंय, असं त्यांना विचारायचं असावं, पण पाल्यावर नजर गेली तशा त्या वाकल्या. आणि पंचवीस नंबरच्या कागदावरचं ते नाव मोठ्यानं उच्चारून म्हणाल्या, "हाच ना तो?"

सुकलू दचकून दिव्यानीकडे पाहू लागला. जुनी पट्टी सोडणारा तिचा हात थांबला नाही.

"मॅडम, थोडं सरका," ती म्हणाली. "उजेड येऊ द्या."