मुकेत्सीच्या नावाची शर्यत

पीचची झाडं गुलाबी झाली आणि केनेवेच्या जिवाला जरा उभारी आली. मासेरू शहरातल्या कपडे-कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून ती थंडीतच डोंगरावरच्या आपल्या गावी परतली होती. शनिवारी सकाळी अंगणात जोआला गाळताना तिने मनाशी बेत केले. भिंती सारवायच्या, कोबी लावायचा, आणि एकदा तरी पुन्हा घोड्यावर बसायचं.

ही बिअर थोरल्या भावासाठी, मुकेत्सीसाठी होती. वसंतातल्या घोडदौडीला उद्यापासून मुकेत्सीचं नाव लागणार होतं. तरुणपणी त्याने ती शर्यत मारली होती, असं सगळा गाव मानत होता. आताही तो घोंगडी पांघरून पाहुण्यांना रंगवून सांगत होता, "ओढ्याच्या उताराला सगळ्यांनी लगाम खेचले. मी मात्र सैल सोडला. घोडीला म्हटलं, जा बाई, तुला रस्ता माहीत आहे!"

केनेवेच्या हातातली गाळणी थांबली. हे शब्द तिचे होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी मुकेत्सीचा पाय मोडला, तेव्हा वडिलांनी तिलाच त्याची घोंगडी नि माकडटोपी घालून घोडीवर बसवलं होतं. मुलींना शर्यतीत उतरू देत नव्हते. संध्याकाळी भावाच्या उशाशी बसून तिनेच त्याला उताराची गंमत सांगितली होती. त्याने जिंकल्याचं श्रेय घेतलं, ते तिने सोसलं. आता घोडीशी बोललेलं बोलणंही घेतलं?

तिने त्याला घरामागे गाठलं. "आबुती, अरे दादा, उद्या खरं सांग."

"वेडी का तू? इतक्या वर्षांनी?" तो हसला. "माझं नाव नसतं तर तुला रेषेपाशी तरी उभं केलं असतं का? आणि घोडी बाबांची होती."

"घोडी बाबांची, नाव तुझं. मग मी कोण होते? खोगीर?"

"लोकांसमोर तमाशा नको, केनेवे."

रात्रभर ती धुमसत राहिली. रविवारी मैदानावर रंगवलेली पाटी उभी होती, मुकेत्सीच्या नावाची. भाषणं संपायच्या आत केनेवे पुढे गेली.

"ती शर्यत मी मारली," ती म्हणाली. "टोपीखाली मी होते."

आधी हशा पिकला. "मावशी, कालची जोआला अजून उतरली नाही वाटतं!" कोणीतरी ओरडलं. मुकेत्सी खाली बघत राहिला. तेवढ्यात त्याची बायको माथुसो उठली. "ती खरं बोलतेय. लग्नानंतर यांनीच मला सांगितलं होतं."

हसणं बंद पडलं. पंच घसा खाकरून म्हणाले, "बरं... पण पाटी तर रंगवून झालीय. पुढच्या वसंतात बघू."

"पुढचा वसंत तुमच्या घरचा आहे का?" केनेवेने दोन्ही हातांनी पाटी उपटली. कोणी अडवायला आलं नाही. पाटी बगलेत मारून ती थेट घरी आली आणि मेंढ्यांच्या कुंपणातल्या भगदाडाला उलटी लावून टाकली.

ऊन कलल्यावर माथुसो गरम पाव घेऊन आली. "रागावलीस माझ्यावर?"

"रागावू नको तर काय करू? तुला माहीत होतं, आणि दर वसंतात तू त्याच्या शेजारी बसून मान डोलावलीस!"

माथुसोने पाव पुढे केला. केनेवेने पाव घेतला, आत ये म्हटलं नाही.

"तुमची तांबडी घोडी शनिवारी मला लागेल," दार लोटता लोटता ती म्हणाली. "त्याला विचारू नकोस. सांग."